पिव्होटमधल्या रिकाम्या सेलमध्ये शून्य टाकण्याआधी

पिव्होट टेबल शिकवताना बहुतेक जण एक टीप हमखास देतात. टेबलवर राइट क्लिक करा, पिव्होट टेबल ऑप्शन्स उघडा, 'फॉर एम्प्टी सेल्स शो'च्या पुढे 0 लिहा, ओके. झालं, टेबल कसं नीटनेटकं! मलाही ही टीप एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वेळी मिळाली आणि मी ती इमानेइतबारे माझ्या ज्युनिअर्सना दिली. आज मला ती चुकीची वाटते. निदान मोजमापांच्या डेटासाठी तरी.

दुकानाच्या हिशेबात ती बरोबरच आहे. फेब्रुवारीत एकही छत्री विकली गेली नसेल, तर विक्री शून्य. पण तुम्ही संशोधनात मोजमापं घेता, आणि तिथे 'नोंद नाही' म्हणजे 'शून्य' नव्हे.

माझं काम विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आता समजा, एका विहिरीत मार्चला 52 आणि एप्रिलला 58 आलं. मे महिन्यात विहीर आटली, नमुनाच मिळाला नाही. सरासरी 55, म्हणजे पाणी मर्यादेबाहेर. आता मे महिन्याच्या जागी 0 धरा. सरासरी होते 36.7. विहीर कागदावर पिण्यायोग्य झाली! आणि ती कशामुळे झाली? तर तिच्यात पाणीच नव्हतं म्हणून.

इथे एक्सेलवर अन्याय नको. तो पर्याय फक्त दिसणं बदलतो. पिव्होटच्या स्वतःच्या ग्रँड टोटलमध्ये सरासरी 55च राहते, कारण हिशेब मूळ डेटावरून होतो. गोंधळ होतो पुढच्या पायरीला. आपण काय करतो? पिव्होट कॉपी करतो, दुसऱ्या शीटवर पेस्ट व्हॅल्यूज करतो, आणि तिथे सरासरी, आलेख, टी-टेस्ट वगैरे सुरू. पेस्ट झालेलं ते शून्य आता खरंखुरं शून्य असतं. ते कुठून आलं, हे त्या शीटला माहीत नसतं आणि महिन्याभराने तुम्हालाही आठवत नाही. माझ्या प्रगती अहवालाच्या आलेखात रेषा मे महिन्यात थेट तळाला गेली होती. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "उन्हाळ्यात नायट्रेट जातं कुठे?" मी चक्क विरलीकरणाचं स्पष्टीकरण द्यायला लागले होते. आटलेल्या विहिरीत! (अजून आठवलं की कान गरम होतात.)

दुसरी एक गंमत. मूळ शीटमध्ये मे महिन्याची ओळ आहे पण नायट्रेटचा सेल रिकामा आहे, असं असेल तर पिव्होटच्या सरासरीत रिकामी जागा येत नाही, भागाकाराची एरर येते. मग लोक त्याच खिडकीतल्या 'फॉर एरर व्हॅल्यूज शो'मध्येही 0 टाकतात. एरर निदान ओरडून सांगत होती की इथे काही नाही. आपण तिचंही तोंड बंद करतो.

सगळ्यात अवघड भाग मात्र वेगळाच आहे. रिकामा सेल एका प्रकारचा नसतो. विहीर कोरडी होती, नमुना घेतला पण बाटली फुटली, किंवा मोजलं पण उपकरणाच्या शोधमर्यादेखाली आलं. या तिसऱ्याला आपण 'बीडीएल' असं लिहितो. पिव्होट सरासरी काढताना मजकूर सोडून देतो, म्हणजे सगळ्यात स्वच्छ नमुनेच गळतात आणि सरासरी उगाच वर जाते. तिथे शून्य टाकलं तर ती खाली जाते. शोधमर्यादेच्या निम्मा आकडा टाकायची प्रथा आहे, पण तीही वादातीत नाही. डेनिस हेल्सेल यांनी अशा नोंदींवर अख्खं पुस्तक लिहिलंय. सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत एक आकडा टाकून हा प्रश्न सुटेल, अशी अपेक्षाच मला भाबडी वाटते. पायथनवाल्यांनी हसू नये, पांडाजमध्ये 'फिल व्हॅल्यू'ला शून्य देणं ही हीच सवय आहे.

मी आता काय करते? मूळ शीटमध्ये आकड्याच्या शेजारी 'स्थिती' नावाचा वेगळा कॉलम ठेवते: मोजलं, कोरडी, हरवलं, मर्यादेखाली. आकड्यांच्या कॉलममध्ये मजकूर अजिबात नाही. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत तर एका रिकाम्या सेलमुळेही पिव्होट बेरजेऐवजी आपोआप काउंट धरतो, म्हणून व्हॅल्यूजचं नाव एकदा वाचून घ्यायचं. सरासरीच्या शेजारी 'काउंट नंबर्स' हमखास लावते. 55च्या बाजूला 2 दिसलं की तीन महिन्यांपैकी एक नाही, हे कुणालाही कळतं. आणि त्या प्रसिद्ध चौकटीत 0ऐवजी 'नोंद नाही' लिहिते. तिथे मजकूर चालतो, आणि तो पेस्ट झाला तरी सरासरीत शिरत नाही. आलेखात मात्र मजकूर शून्यासारखा काढला जातो, म्हणून आलेखासाठी ते सेल पुन्हा रिकामे करावे लागतात. कटकट आहे, मान्य.

तुमच्याकडे एखादी जुनी, पेस्ट केलेली शीट पडून असेल तर तिच्यातली शून्यं आजच शोधा आणि प्रत्येकासमोर मूळ नोंदवही उघडून बघा. माझ्या शीटला दोन दिवस लागले.