‘फक्त पाणी’, पण त्या पाण्याचे काय?

हिंदमाता परिसरातील एका शाळेत इंधनघटावर आमचे बोलणे झाल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, “सर, त्या घटात पाणीच तयार होतं, मग हिंदमाताला पाणी भरतं तसं तिथे नाही का भरत?” इंधनघटाविषयी आपण वाचतो त्या बहुतेक मजकुरापेक्षा हा प्रश्न आम्हांला अधिक शास्त्रीय वाटला.

केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन इंधनघटावरील बसचे पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी अनावरण झाले. या बसमधून केवळ पाणी बाहेर पडते, असे तेव्हाच्या शासकीय निवेदनात म्हटले होते. विधान खरे आहे आणि संशोधकांचे कौतुकही रास्त आहे. आमची तक्रार आहे ती विधान जेथे थांबते त्याबद्दल. पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणही तेथेच थांबते. अभियंत्यांचे निम्मे काम मात्र तेथून सुरू होते.

थोडा हिशेब करू. याच संस्थांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मोटारीत चाचणी घेतलेला घटसंच १० किलोवॉटचा होता. २ ग्रॅम हायड्रोजनपासून १८ ग्रॅम पाणी बनते, म्हणजे १ किलोपासून ९ किलो. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. तिच्यापैकी निम्म्या ऊर्जेची वीज होते असे धरले, तर पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या संचाला तासाला ०.६ किलो हायड्रोजन लागेल आणि सुमारे साडेपाच लिटर पाणी तयार होईल. हे पाणी एखाद्या टाकीत नव्हे, तर उत्प्रेरकाच्या अतिशय पातळ थरात जन्मते. शेजारच्या कार्बन कागदाची छिद्रे त्याने भरली, की ऑक्सिजनची वाट अडते आणि व्होल्टेज घसरते.

मग सगळे पाणी काढून टाकावे का? तसेही चालत नाही. घटाच्या मधोमध असलेले पटल ओले असेल तरच त्यातून प्रोटॉन जातात. जाताना ते पाण्याचे रेणूही ओढून नेतात. त्यामुळे एकाच घटात हायड्रोजनची बाजू कोरडी पडते आणि ऑक्सिजनची बाजू तुंबते. यावर उपाय म्हणून आत येणाऱ्या वायूंना ओलावा देतात, कार्बन कागदाला टेफ्लॉन लावतात आणि पाणी वायूबरोबर वाहून जाईल अशा खाचा पट्ट्यांत कोरतात.

उष्णतेचा उल्लेख तर क्वचितच होतो. आपल्या हिशेबात १० किलोवॉट विजेबरोबर जवळजवळ तितकीच उष्णता निर्माण होते. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता तप्त धुराबरोबर निघून जाते. हा घट मात्र ६५ ते ७५ अंश सेल्सियसला चालतो, त्यामुळे बहुतेक भार शीतक द्रवावर पडतो. बाहेर ३५ अंश असताना तापमानातील फरक जेमतेम ३० ते ४० अंश उरतो. म्हणून रेडिएटर मोठा लागतो. शीतक म्हणून नळाचे पाणी चालत नाही. त्यातील क्षारांमुळे वीज वाहते आणि घटाघटांत गळती होते. शिवाय तापमान वाढले तर पटल सुकते, घटले तर वाफेचे पाणी होऊन साचते. तेव्हा थंडावा आणि पाणी हे दोन वेगळे धडे नाहीत.

हिंदमाताचा भाग बशीसारखा सखल आहे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाट उरत नाही. म्हणून महापालिकेने जवळच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधल्या. येणारे आणि जाणारे पाणी यांचा मेळ घालणे हे दोन्हीकडचे सूत्र. फरक इतकाच, की रस्ता पूर्ण कोरडा झालेला आपल्याला हवा असतो. घट तसा झाला तर बंद पडतो. उपमा देताना शिक्षकांनी हा फरकही सांगावा.

समीकरण संतुलित करून झाले, की वर्गाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: पाणी किती लिटर झाले आणि ते गेले कोठे? त्या मुलीला आम्ही घाईत “हो, भरतं” एवढेच म्हणालो होतो. राहिलेले उत्तर येथे दिले आहे.