मिडी-सीव्ही रूपांतरक आणि रागस्वर : एका यंत्राच्या मांडणीची समीक्षा

प्रास्ताविक

मॉड्युलर सिंथेसायझर हे सुट्या घटकांचे वाद्य होय. ध्वनी निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा फिल्टर, नादाचा चढउतार ठरविणारा एन्व्हलप असे घटक एका चौकटीत शेजारी-शेजारी बसविलेले असतात व वादक ते केबलींनी एकमेकांस जोडतो. या केबलींमधून जातो तो विद्युत्दाब. अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी १९६४ च्या सुमारास आपली पहिली यंत्रे सिद्ध केली. त्यांच्या यंत्रांबरोबर एक साधा संकेत रूढ झाला: दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो. भारतातही हे वाद्य अगदी नवखे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझर उभा करून दिला होता.

पुढे १९८३ मध्ये मिडी हा संकेत आला. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये एका केबलीने जोडून दाखविण्यात आली. मिडीमध्ये दाब नसतो. असतात त्या संख्या. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच ती कळविते. या संख्यांचे मॉड्युलर वाद्यास समजेल अशा दाबात रूपांतर करणारी छोटी पेटी म्हणजे मिडी-सीव्ही रूपांतरक. सीव्ही म्हणजे नियंत्रक दाब.

या उपकरणाविषयी जे लेखन आढळते त्यात त्यास बहुधा निव्वळ जोडणीचे साधन मानले जाते. एकदा योग्य मांडणी केली की विसरून जावे, अशी त्यामागील धारणा असते. ही धारणा तपासून पाहणे अगत्याचे आहे. रूपांतरकाच्या मांडणीतील प्रत्येक पर्याय हा ‘स्वर म्हणजे काय’ या प्रश्नाचे एक उत्तर असतो, आणि रागसंगीताच्या संदर्भात त्यांतील सर्वांत आकर्षक दिसणारे उत्तर हेच सर्वांत अपुरे ठरते.

संख्या आणि दाब

मिडीमध्ये स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. मध्य ‘सी’चा क्रमांक ६०. साठ आणि एकसष्ट यांच्यामध्ये काहीही नाही. रूपांतरक दर क्रमांकामागे एका व्होल्टचा बारावा भाग, म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, दाब वाढवितो. अशा रीतीने सप्तकाचे बारा समान भाग हे गृहीतक वादकाने काही निवडण्यापूर्वीच वाद्यात शिरलेले असते. ज्या दाबाच्या रेषेवर कोणतीही पायरी नव्हती, तिच्यावर जिना बांधला जातो.

सर्व वाद्ये हाच संकेत पाळतात असेही नाही. बुक्ला यांच्या वाद्यांत सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात. कॉर्गच्या १९७८ मधील एमएस-२० या वाद्यात सप्तक चढण्यासाठी दाब दुप्पट करावा लागतो. नाद सुरू असल्याचे सांगणारा ‘गेट’ हा संकेतही कोठे दाब वाढवून, तर जुन्या मोग यंत्रांत दाब भूमीशी जोडून दिला जातो. हे पर्याय चुकले तर वाद्य सरळसरळ बेसूर होते किंवा गप्प बसते. चूक लगेच कळते, म्हणून त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

न कळणाऱ्या चुका अधिक महत्त्वाच्या आहेत. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर प्रत्येक भागास सेंट म्हणतात, आणि एक सेंट म्हणजे सुमारे ०.८३ मिलिव्होल्ट. रूपांतरकाच्या आतील परिपथ दहा व्होल्टांची कक्षा ४०९६ पायऱ्यांत विभागत असेल, तर प्रत्येक पायरी जवळजवळ तीन सेंटांची होते; ६५,५३६ पायऱ्या असतील तर ती पाव सेंटाहूनही लहान होते. शिवाय रूपांतरकाच्या निर्गमाचा विद्युत्रोध एक हजार ओहम आणि पुढील ऑसिलेटरचा एक लाख ओहम असेल, तर दाब सुमारे एक टक्क्याने घटतो. प्रत्येक सप्तक मग बारा सेंटांनी आखूड होते. म्हणूनच रूपांतरकाचे अंशांकन मोकळ्या स्थितीत न करता प्रत्यक्ष ऑसिलेटर जोडून, आणि वाद्य पुरेसे तापू देऊन करावे लागते. पाश्चात्त्य सम-स्वरांतरातील कोमल गंधार ३०० सेंटांवर असतो, तर ६:५ या गुणोत्तराचा कोमल गंधार सुमारे ३१५.६ सेंटांवर. हे सारे अंतर तेरा मिलिव्होल्टांचे आहे. अंशांकनातील निष्काळजीपणा ते सहज गिळून टाकतो.

सांगलीची पेटी आणि फ्रान्सची पेटी

पट्ट्यांच्या वाद्यात भारतीय स्वर बसविण्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांचे गायन साहाय्यभूत झाले होते. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियम तयार झाले आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्याची बरीच चर्चा झाली. देवलांचा हेतू प्रामाणिक होता आणि गणितही काटेकोर होते. मात्र त्यामागे असे गृहीत होते की, श्रुतीचे स्थान नेमके मोजले आणि तेथे एक सूर बसविला की स्वर हाती आला. पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. त्या वादातही आक्षेप दोन प्रकारचे होते, हे अनेकदा विसरले जाते: एक, पेटीचे सूर चुकीच्या जागी आहेत, दोन, पेटीचा सूर जागचा हलत नाही. देवलांच्या पेटीने पहिल्या आक्षेपाचे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

जवळजवळ शंभर वर्षांनी हाच प्रकार वेगळ्या साहित्यात पुन्हा घडलेला दिसतो. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स या फ्रान्समधील कंपनीचा, एमिली जिले यांनी रचलेला ‘यार्न्स’ हा रूपांतरक या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्याच्या मांडणीत स्वरमेळ निवडण्याचा एक पर्याय आहे. सम-स्वरांतर, शुद्ध गुणोत्तरांचा मेळ, पायथागोरसचा मेळ यांच्यापाठोपाठ भैरव, मारवा, श्री, यमन, भीमपलास, दरबारी, बागेश्री अशी वीसहून अधिक रागनामे त्यात येतात. षड्ज कोणत्या पट्टीवर मानावयाचा हेही ठरविता येते. कंपनीचे कार्य २०२२ मध्ये थांबले असले तरी या यंत्राची आज्ञावली सर्वांस खुली आहे.

परदेशी अभियंत्याने रागांची दखल इतक्या आस्थेने घ्यावी, ही गोष्ट निश्चितच कौतुकाची आहे. पण समीक्षेने येथेच थांबून चालणार नाही. यंत्राच्या दृष्टीने ‘मारवा’ म्हणजे दाबांचे एक कोष्टक. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच आहेत. त्यांतील भेद आहे तो चलनाचा, न्यासाचा, कोणत्या सप्तकात राग खुलतो याचा. कोष्टकास हा भेद दिसू शकत नाही. दरबारीच्या बाबतीत तर अडचण अधिक मूलभूत आहे. दरबारीचा गंधार आंदोलित असतो. तो एका जागी ठेवला की दरबारीचा राहत नाही. त्याचे स्थान २९४ सेंट की ३१५ सेंट हा वाद कितीही रंगला तरी, कोष्टकात लिहिलेला कोणताही आकडा हा त्या आंदोलनाचे एक स्थिर छायाचित्रच असेल. मेनूत ‘दरबारी’ हे नाव वाचून वादकास जे मिळाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात जे मिळते, यांत मोठी तफावत आहे.

उपेक्षित पर्याय

विशेष म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्याच यंत्राच्या मेनूत आहे, फक्त त्यास रागाचे नाव दिलेले नाही.

पहिली बाब गेटची. नव्या प्रत्येक स्वराबरोबर एन्व्हलप पुन्हा सुरू व्हावा, की जुनी पट्टी सुटण्यापूर्वी नवी दाबल्यास नाद अखंड राहावा, हे ठरविता येते. सतारीवर मींड घेताना आघात एकच असतो आणि स्वर ताणाने बदलतो. अखंड नादाचा पर्याय निवडला नाही तर प्रत्येक स्वरास नवा आघात मिळतो व सुरावट पेटीसारखी तुटक होते.

दुसरी बाब, एकाच वेळी दोन पट्ट्या दाबल्यास कोणती मानावयाची ही. जुन्या मिनीमोगमध्ये खालच्या स्वरास अग्रक्रम होता. ‘शेवटची पट्टी प्रथम’ हा पर्याय घेतल्यास षड्ज धरून ठेवून ऋषभाला नुसता स्पर्श करता येतो. बोट उचलताच दाब आपोआप षड्जावर परततो. कणस्वराची ही कल्पना अभियंत्याच्या मनात नसेलही, तथापि पर्याय जणू त्यासाठीच घडविलेला वाटतो. (ऑसिलेटर मुळात कधी थांबत नाही, एखादा न बांधता सोडून दिला तर षड्जाचा अखंड आधार विनासायास मिळतो, हेही जाता जाता नोंदविण्यासारखे.)

तिसरा पर्याय पोर्टामेंटोचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आपोआप सरकण्याचा. मींडेचे तयार साधन म्हणून याकडेच प्रथम लक्ष जाते. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या दहा रागांच्या तबकडीत रोलंडच्या टीबी-३०३ या यंत्राचा वापर आहे. त्यातील स्वर सरकविण्याची सोय याच जातीची. सरकण्याचा काल ठरलेला. त्या तबकडीत ती शोभते, कारण तेथे सारे काही तालयंत्राच्या चौकटीत आहे. आलापात मात्र गायक मधल्या वाटेवर रेंगाळतो, एखाद्या श्रुतीला ओझरता स्पर्श करून मागे येतो. पोर्टामेंटोला वाट ठाऊक असते, रेंगाळणे ठाऊक नसते.

ते साधते फक्त चौथ्या पर्यायात, पिच बेंडमध्ये. येथे पायऱ्या नसून हाताच्या हालचालीबरोबर दाब सरकतो. दरबारीच्या गंधाराचे आंदोलन घ्यावयाचे ते याच चाकावर. पण याचीही मांडणी विचारपूर्वक करावी लागते. मिडीचा पिच बेंड १६,३८४ पायऱ्यांचा असतो. दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वर अशी रूढ कक्षा ठेवली तर एक पायरी सेंटाच्या चाळिसाव्या भागाएवढी होते. कानास ती जाणवणे शक्य नाही. अनेक स्वस्त कळफलक मात्र प्रत्यक्षात १२८ पायऱ्याच पाठवितात. मग पायरी तीन सेंटांची होते. त्यातच लांब मींडेच्या हौसेने कक्षा दोन्ही बाजूंस पूर्ण सप्तक केली की एक पायरी जवळजवळ १९ सेंटांवर जाते. प्रमाणश्रुती २१.५ सेंटांची मानली जाते. म्हणजे ज्या साधनाने श्रुतींमधील अखंड प्रवास साधावयाचा, तेच साधन श्रुतीएवढ्या उड्या मारू लागते. कक्षा पाच अर्धस्वरांवर ठेवली, म्हणजे षड्जापासून मध्यमापर्यंत हात पोहोचेल एवढीच, तर बहुतेक रागांतील मींड भागते आणि १२८ पायऱ्यांच्या कळफलकावरही पायरी आठ सेंटांच्या आत राहते. रूपांतरकाच्या निर्गमावर दाब किंचित मंदगतीने बदलेल अशी सोय असल्यास उरलेला खडबडीतपणाही बराचसा झाकला जातो.

मिडीचा २०१८ मध्ये मान्य झालेला एमपीई हा विस्तार प्रत्येक स्वरास स्वतंत्र बेंड देतो व त्याची मूळ कक्षा दोन्ही बाजूंस ४८ अर्धस्वर अशी ठेवतो. पूर्ण सूक्ष्मतेने वाचल्यास येथे पायरी सेंटाच्या सहा दशांशाहूनही कमी आहे. तीच माहिती एखाद्या रूपांतरकाने अर्धवट, १२८ पायऱ्यांत वाचली, तर पायरी ७५ सेंटांची होते. अशा रूपांतरकाच्या मेनूत रागांची नावे किती आहेत, या गोष्टीस मग फारसा अर्थ उरत नाही.