द्वैभाषिक वाक्य आणि मराठी प्रत्यय

दोन भाषा बोलणारा मनुष्य एकाच वाक्यात दोहोंचे मिश्रण करतो, तेव्हा तो स्वैर बोलत नसून काही नियम पाळीत असतो, हे मत आता अभ्यासकांत रूढ झाले आहे. मतभेद आहेत ते नियमांच्या स्वरूपाविषयी. न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन समाजाच्या स्पॅनिश-इंग्रजी संभाषणांच्या आधारे शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादिले की, एका भाषेचा शब्द आणि दुसरीची बद्ध रूपिका यांच्या सांध्यावर भाषापालट होत नाही. शब्द दुसऱ्या भाषेच्या उच्चारात मुरलेला असेल तरच असा संयोग संभवतो.

‘स्टुडंट्सना लेक्चर समजले नाही’ हे वाक्य या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘फाइल’ शब्द मराठीने आत्मसात केला, म्हणून त्याचे अनेकवचन ‘फायली’ होते. ‘स्टुडंट्स’मध्ये मात्र इंग्रजी अनेकवचन कायम असून त्यालाच ‘ना’ हा मराठी प्रत्यय जोडला आहे. येथे सामान्यरूप झालेले नाही हा पुरावा दुबळा होय, कारण ‘सुधीरला’ यातही ते होत नाही. इंग्रजी अनेकवचन हा पुरावा अधिक बोलका आहे.

अशा रूपांना तात्कालिक उसनवारी मानावे, असे उत्तर पॉपलॅक, सँकॉफ व वन्नियराजन यांच्या तमिळ-इंग्रजीवरील १९९० च्या विवेचनातून मिळते. परंतु परभाषेचा प्रत्यय लागला की तो शब्द उसना, आणि उसना असल्यामुळे नियमाला बाध नाही, असा युक्तिवाद केल्यास नियम कधीच खोटा ठरू शकणार नाही. हा चक्रक दोष होय. उसनवारीचा निर्णय प्रत्ययाहून स्वतंत्र पुराव्यावर व्हावयास हवा.

त्या मानाने पुण्यात जन्मलेले संगणकभाषावैज्ञानिक अरविंद जोशी यांनी १९८२ मध्ये मराठी-इंग्रजी सामग्रीवरून केलेली मांडणी अधिक समाधानकारक वाटते. एक भाषा वाक्याचा सांगाडा पुरविते आणि विभक्ती, काळ इत्यादी मर्यादित वर्गातील घटक तिचेच राहतात, असे तिचे सार आहे. वरील वाक्यातील ‘ना’, ‘समजले’मधील नपुंसकलिंगी रूप आणि ‘नाही’ यांची उपपत्ती तिने लागते.

तथापि ‘मी येणार होतो, बट पाऊस आला’ यातील ‘बट’देखील मर्यादित वर्गातीलच आहे. म्हणून वाक्याच्या अंतर्गत बांधणीचे घटक आणि वाक्ये जोडणारे घटक यांत भेद करणे अवश्य ठरते. मराठी सामग्रीने सिद्धांताला केवळ उदाहरणे पुरवू नयेत. त्याच्या मर्यादाही दाखवाव्यात.