दिवाळखोरीतला घोटाळा आणि एम-स्कोअरची मर्यादा

'दिवाळखोरीतील फसवणूक' हा विषय घेतला की सिनॉप्सिस जवळपास ठरलेला असतो: अल्टमनचा 1968 चा झेड-स्कोअर, बेनिशचा 1999 चा एम-स्कोअर, दहा वर्षांचे ताळेबंद, एक रिग्रेशन. पण झेड-स्कोअर कंपनी बुडेल का ते सांगतो, बुडवली का ते नाही. आणि एम-स्कोअरची आठही गुणोत्तरं त्याच ताळेबंदातून येतात, ज्याच्यावर आपला संशय आहे!

अ‍ॅमटेक समूहाचं घ्या. अ‍ॅमटेक ऑटो 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी पुढे केलेल्या पहिल्या बारा खात्यांत होती. त्याच समूहातल्या मेटॅलिस्ट फोर्जिंग्जचा, म्हणजे आधीच्या अहमदनगर फोर्जिंग्जचा, पत्ता चाकणजवळच्या कुरुळीचा. ईडीला तपासाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट फेब्रुवारी 2024 मध्ये. ईडीचा आरोप पाचशेहून अधिक कागदी कंपन्यांचा आहे (आरोपच, सिद्ध व्हायचाय). असं जाळं एका ताळेबंदात दिसणार कुठे? ते सापडतं संचालकांची नावं, नोंदणीचे पत्ते आणि बँक स्टेटमेंट शेजारीशेजारी ठेवल्यावर.

कायदाही घाईत आहे. रिझोल्यूशन प्रोफेशनलने 75 व्या दिवसापर्यंत मत बनवायचं, 115 व्यापर्यंत निष्कर्ष काढायचा. कलम 43 खाली संबंधित व्यक्तींसाठी दोनच वर्षं मागे जाता येतं, इतरांसाठी एक. कलम 66 ला ती मर्यादा नाही, पण तिथे फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि हेतू काही टॅलीत सापडत नाही.

मग विदा कुठली? इंडक्शन हीटरवर बिलेट तापवायला वीज लागते. उत्पादन फुगलं आणि महावितरणचं बिल जागच्या जागी, तर विचारायला हवं. भट्टी तेलावर चालत असेल तर हिशेब बदलतो, आणि नुसत्या विजेवरून काही सिद्ध होत नाही. पण ते मीटर ताळेबंद लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

दुसरं, लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांपलीकडे थकले तर कंपनीला 2019 पासून दर सहामाहीला निबंधकाकडे एमएसएमई फॉर्म-1 भरावा लागतो. तो थकवणारी कंपनीच भरते, तरी मला झेड-स्कोअरपेक्षा कामाचा वाटतो. भोसरी-चाकणच्या जॉबवर्कवाल्याला पेमेंट लांबलं की काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं, आणि दिवाळखोरीत वाटप होताना तोच बँकांच्या मागे रांगेत असतो. त्याच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज आत्ताच टाका, त्याला वेळ लागतो.