सीव्हीतून गळलेली ओळ

मराठीचा मास्तर आज सीव्हीवर बोलणार म्हटल्यावर काही भुवया वर गेल्या असतील. पण खरं सांगतो, गेल्या काही वर्षांत मी कवितासंग्रहांपेक्षा सीव्हीच जास्त वाचलेत. उन्हाळी प्रकल्प, एम.ए.नंतरचे प्रवेश, छोट्या शिष्यवृत्त्या. अर्जदार बहुतेक आपल्याच भागातले: अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, आणि इथले मुलुंडचे. ज्या मजकुरावर कुणाचं तरी पुढचं वर्ष ठरतं, त्याला समीक्षेच्या बाहेर का ठेवायचं?

तर हा मजकूर वाचू या. आपल्याकडे सीव्हीचा पूर्वज आहे बायोडेटा. लग्नाचा! (हशा) हसू नका. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं म्हणून स्थळ, दिनांक, सही. संशोधनासाठी अर्ज करणाऱ्या एकविसाव्या वर्षीच्या मुलाच्या कागदावर हे सगळं असतं. त्यातलं एकही वाक्य तो काय शिकला हे सांगत नाही. बायोडेटाचं काम घराणं दाखवण्याचं. विद्यार्थ्याच्या सीव्हीचं काम, त्याने केलेलं काम दाखवण्याचं. दोन्ही कागद आपण एकाच साच्यातून काढतो.

दुसरा साचा मुलांनी आमच्याकडून उचलला. यूजीसीने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांसाठी एपीआय आणलं, म्हणजे गुणांकन. चर्चासत्राला हजर राहिलं की गुण, निबंध वाचला की गुण. प्रमाणपत्रांची फाइल फुगवायला आम्ही मास्तर तेव्हा शिकलो आणि पोरं ते बघत होती. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा पूर आला. गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची उत्तरं दिली की मेलवर प्रमाणपत्र हजर. एका मुलाच्या सीव्हीत मी अशी एकतीस मोजली. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मात्र एकच ओळ होती, नुसतं शीर्षक. प्रश्न काय होता, माहिती कुठून आणली, काय सापडलं, काही नाही. मी त्याला फोन केला तर वीस मिनिटं तो त्या प्रकल्पाबद्दलच बोलत राहिला!

तयार टेम्प्लेटमधल्या त्या ताऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. 'इंग्रजी: चार तारे.' कोणी दिले? 'पायथन: ऐंशी टक्के.' उरलेले वीस कुठले?

आता मुद्द्यावर येतो, आणि इथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या निवड समितीपुढे घाटकोपरच्या एका मुलीचा अर्ज आला. विषय, शाळेतलं गणित. सीव्ही नीटनेटका: 'मेहनती', 'जिज्ञासू', 'संघभावना', आणि सहा प्रमाणपत्रं. आम्ही तिला घेतलं नाही. नंतर एका कार्यक्रमात ती भेटली. बोलता बोलता कळलं की बारावीपासून ती चाळीत शिकवण्या घेते. पाचवी ते सातवीची नऊ मुलं. दोन अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा आकडा मिळवतात, हे तिने वहीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं. कोणतं मूल कधी सुधारलं, कशाने सुधारलं, तेही. इथून जवळच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, मुलं गणितात कशी विचार करतात हा रीतसर संशोधनाचा विषय आहे. आणि हिने ते सीव्हीत लिहिलंच नव्हतं. का? 'सर, ते घरखर्चासाठी होतं. त्यात अॅकॅडमिक काय?'

त्या रात्री मी एक जुना अर्ज पुन्हा वाचला. आनंदीबाई जोशींचा. माहेर कल्याणचं, आपल्याच मध्य रेल्वेवरचं. त्यांच्यासाठी पहिली खटपट गोपाळरावांनी केली होती. १८७८ मध्ये त्यांनी कोल्हापुरातून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते पुढे अमेरिकेतल्या एका मासिकात छापलं गेलं. त्या पत्रात बायकोच्या शिक्षणाची तळमळ आहे, पण बायकोचा आवाज नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची. स्वतःचा अर्ज आनंदीबाईंनी २८ जून १८८३ ला लिहिला, अमेरिकेत उतरल्यावर महिन्याच्या आत, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला. वय अठरा.

त्या अर्जात प्रमाणपत्रांची माळ नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्या आधीच सांगतात. मग जमेची बाजू काय? स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले तो निश्चय. कशासाठी आले? पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी. केलेली गोष्ट, तिची किंमत आणि पुढचं काम, एवढ्यावर तो अर्ज उभा आहे. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली.

पण समीक्षकाने आरती ओवाळत बसू नये. त्या अर्जात एक कच्ची जागा आहे. माझी प्रकृती चांगली आहे, असं त्या लिहितात. चरित्रं वाचा, अमेरिकेला जाण्याआधीचीच डोकेदुखी, ताप, अशक्तपणा पानोपानी भेटतो. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, बावीस पुरी व्हायच्या आत. ती ओळ वाचताना दरवेळी मी अडखळतो. इतक्या सरळ अर्जातही, कारण नसताना दार बंद होईल या भीतीने लिहिलेली एक ओळ आहेच. ती भीती घाटकोपरच्या मुलीचीही होती. फरक असा, की आनंदीबाईंनी दुखणं झाकलं आणि हिने आपलं बळच झाकलं.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. मी म्हटलं, जसं मला सांगितलंस तसंच लिही: 'चार वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, नऊ मुलांना गणित शिकवलं. अपूर्णांकांतल्या चुकांची नोंदवही ठेवली.' दोन वाक्यं, त्यात एक गुणविशेषण नाही. वही मागितली तर दाखवता येईल. मार्गदर्शकाला मुलाखतीत पहिला प्रश्न कुठून विचारायचा तेही आयतं कळेल. तिने मान डोलावली.

आठवड्याने मसुदा आला. शिकवण्या अगदी वर आल्या होत्या. पण कशा? 'एज्युकेशनल आउटरीच फॅसिलिटेटर.' नऊ मुलं गायब, वही गायब. मी विचारलं, अगं, ती दोन वाक्यं कुठे गेली?

म्हणाली, 'सर, ती फार साधी वाटत होती.'

मग आम्ही दोघांनी बसून तो मसुदा पुन्हा लिहिला. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे माइक द्या.