रेषेला समांतर हात: थ्रो-इनचा बचाव आणि पंचाचा इशारा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की बास्केटबॉलमधला सगळ्यात दुर्लक्षित नियम कोणता? त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज ते नीट द्यायचं आहे. आमच्या मते तो नियम थ्रो-इनचा, आणि त्यातही थ्रो-इन टाकणाऱ्यासमोर उभ्या असलेल्या डिफेंडरचा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. बाहेरून बॉल टाकणाऱ्याकडे पाच सेकंद असतात. समोरच्या डिफेंडरवर फीबाच्या नियमांत बंधनं दोनच. बॉल रेषा ओलांडून आत येईपर्यंत त्याने शरीराचा कुठलाही भाग रेषेपलीकडे न्यायचा नाही. आणि रेषेबाहेर दोन मीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल, तर टाकणाऱ्यापासून एक मीटर लांब राहायचं. बस्स. बाहेर जागा ऐसपैस असेल तर डिफेंडर रेषेला अगदी खेटून उभा राहील, उड्या मारेल, दोन्ही हात हलवत टाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडदा धरेल. तो त्याचा हक्क आहे. हक्क हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता म्युनिक, 1972. ऑलिम्पिकचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले, अमेरिका 50-49 पुढे, तीन सेकंद शिल्लक. ते तीन सेकंद एकूण तीनदा खेळवले गेले. टाइमआउटचा वाद, घड्याळ नीट न लावल्याचा घोळ, फीबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली उतरून तीन सेकंद परत द्या म्हणाले, हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. पन्नासहून जास्त वर्षं लोक त्या घड्याळावरच भांडताहेत. आमचं म्हणणं वेगळं आहे. घड्याळाकडे बघता बघता सगळ्यांचं हाताकडे लक्ष गेलं नाही.

कुणाचा हात? पंच अर्तेनिक अराबाजियन, बल्गेरियाचे. इव्हान एदेश्को एंडलाइनबाहेर बॉल घेऊन उभा. त्याच्यासमोर टॉम मॅकमिलन, सहा फूट अकरा इंचांचा. आधीच्या खेपेला हाच मॅकमिलन समोर नाचत होता, आणि एदेश्कोला लांबचा पास टाकता आला नव्हता. बॉल जवळच्या सहकाऱ्याकडे द्यावा लागला होता. तिसऱ्या खेपेला अराबाजियन यांनी हाताने काहीतरी खूण केली. मॅकमिलन कित्येक फूट मागे सरकला. एदेश्कोला समोर मोकळं आकाश मिळालं. त्याने कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉल फेकला, अलेक्झांडर बेलोवने दोन अमेरिकन खेळाडूंमध्ये तो झेलला आणि बास्केटखालून आत टाकला. 51-50.

मॅकमिलनने नंतर सांगितलं, की पंचांनी मला मागे व्हायला सांगितलं; ऐकलं नसतं तर टेक्निकल फाउल मिळेल अशी भीती वाटली. अराबाजियन यांनी मात्र आपल्या खुणेचा तसा अर्थ नव्हता असं सांगितलं. आता गंमत बघा. दोघंही खरं बोलत असू शकतात. पंचाला म्हणायचं असेल ‘रेषा सांभाळ’, आणि खेळाडूने ऐकलं ‘मागे हो’. बहिऱ्या करणाऱ्या गोंगाटात, दोन वेगळ्या भाषांच्या माणसांमध्ये, उघडा तळवा काय सांगतो? तो दोन्ही सांगतो. म्हणून आम्ही याला लबाडी म्हणत नाही. चुकीची भाषा म्हणतो, आणि त्या भाषेची जबाबदारी पंचावर टाकतो. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याने संदिग्ध असून चालत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लांब पास अडवायला टाकणाऱ्यासमोर माणूस लागतोच असं कुठे आहे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 28 मार्च 1992 चं. अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धेत फिलाडेल्फियाला ड्यूक विरुद्ध केंटकी. ओव्हरटाइम, केंटकी 103-102 पुढे, 2.1 सेकंद बाकी. केंटकीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी ग्रँट हिलसमोर कुणालाच उभं केलं नाही. हिशेब साधा होता. टाकणारा बाहेर, म्हणजे आत ड्यूकचे चार. त्याच्यासमोर माणूस ठेवला तर आत चारास चार. नाही ठेवला तर चारास पाच. तो जास्तीचा माणूस क्रिश्चन लेटनरवर लावला, जॉन पेल्फ्री आणि डेरन फेल्डहाउस अशी जोडी. हिलने निवांत बघून सुमारे 75 फूट बॉल फेकला. लेटनरने तो झेलला, एकदा टप्पा दिला, वळला आणि मारला. ड्यूक 104-103.

पिटिनो यांच्या त्या निर्णयावर आजही टीका होते, आणि व्हावी. पण ती प्रशिक्षकावर होते, पंचावर नाही. म्युनिकमध्ये आणि फिलाडेल्फियात चित्र जवळजवळ एकच आहे: टाकणाऱ्यासमोर मोकळी जागा, लांब पास, एका गुणाचा पराभव. फरक इतकाच, की एका ठिकाणी बचाव करणाऱ्याने आपला हक्क स्वतः सोडला आणि दुसऱ्या ठिकाणी तो त्याच्या हातून सुटला. खेळात पहिल्याला चूक म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचं, यासाठी आपल्याकडे अजून धड शब्द नाही.

फीबाने पुढे जे केलं त्याचं कौतुक करायला हवं. आता चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इन देताना पंच आधीच ताकीद देतो, आणि त्यासाठी ठरलेली खूण आहे: हात रेषेला समांतर हलवायचा. आमच्या दृष्टीने सगळं मर्म या ‘समांतर’मध्ये आहे. समांतर हात फक्त रेषा दाखवतो. तो डिफेंडरला ढकलत नाही. मग ताकीद मिळूनही कुणी रेषेपलीकडे अंग नेऊन आडवं आलं, तर सरळ टेक्निकल फाउल. एनबीएमध्येही शेवटच्या दोन मिनिटांत रेषा ओलांडली की टेक्निकल. त्याआधी खेळाला उशीर केल्याची ताकीद.

फाउलचंही तसंच. बॉल आत कुणाला लागेपर्यंत घड्याळ चालत नाही, म्हणून मागे पडलेला संघ बॉल हातातून सुटायच्या आतच कुणाला तरी धरायचा. एक सेकंदही खर्च न होता खेळ थांबवायचा. फीबा पूर्वी हा अनस्पोर्ट्समनलाइक फाउल धरायची: दोन फ्री थ्रो आणि वर बॉल. 2022 पासून तो थ्रो-इन फाउल झाला: एक फ्री थ्रो आणि बॉल. आम्हाला हे प्रमाण योग्य वाटतं. धरणारा पोरगा दरवेळी दुष्ट नसतो, घाईत असतो.

तक्रार आमची दुसरीच आहे. ही ठरलेली खूण फक्त शेवटच्या दोन मिनिटांसाठी. उरलेल्या अडतीस मिनिटांत पंचाचा हात मोकळा, आणि तो जुन्याच भाषेत बोलतो. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या सिमेंटच्या कोर्टांवर हे रोज दिसतं. रेषेबाहेर दोन मीटर कुठले? भिंत, कट्टा, बुटांचा ढीग, एखादी लावलेली सायकल. तिथे एक मीटरचा नियम लागू होतो हे खरं. पण एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आम्ही पाहिलं, की पंचांनी तळवा पुढे करून ‘मागे, मागे’ म्हणत एका मुलाला पार फ्री थ्रो लाइनपर्यंत नेलं. एक मीटर म्हणजे किती, हे त्या पोराला माहीत नव्हतं. पंचांनाही असावं असं वाटलं नाही. पास आरामात गेला, आणि वरून प्रशिक्षक त्या मुलावरच ओरडले. तो बिचारा खाली मान घालून उभा. दोन मोठी माणसं, दोन उलट हुकूम, आणि उत्तर कुणाकडे मागायचं ते त्याला कळेना.

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि तिला ना पैसा लागतो ना यंत्र. समांतर हाताची खूण पहिल्या मिनिटापासून वापरावी. जागा अपुरी असेल तिथे पंचाने सामन्याआधीच दोन्ही कर्णधारांना रेषेजवळ नेऊन एक मीटर किती ते पावलाने दाखवावं. आणि थ्रो-इनच्या वेळी डिफेंडरकडे तळवा करू नये.

जाता जाता एक. एदेश्कोचा पाय त्या पासच्या वेळी रेषेवर पडला होता का, हाही वाद आहे. चित्रफितीवरून पडला असं बऱ्याच जणांना वाटतं. तुम्ही ती घरी बघाल तेव्हा पायाकडे जरूर बघा. पण त्याआधीचे दोन-तीन सेकंद थांबवून मॅकमिलनचे पाय बघा, ते कधी मागे जायला लागतात आणि त्या क्षणी पंचांचा हात कुठे आहे. मग पुढच्या वेळी बोलू.