माळ्यावरून दिवाणखान्यात : एक परीक्षण

आमच्या घरात वस्तू टाकून देत नाहीत, माळ्यावर टाकतात. फरक इतकाच, की टाकून दिलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचा धोका असतो. श्रीखंडाचे रिकामे डबे, बिनदांड्याची छत्री, एका पायाने अधू झालेला पाट या मंडळींत गेली काही वर्षे तीन मृत संगणकही सुखाने नांदत होते. त्या तिघांचे अवयव एकत्र करून मी एक जिवंत संगणक उभा केला आणि तो दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला. चित्रपट, गाणी, घरच्या चित्रफिती असे सगळे त्याने टीव्हीवर दाखवावे, एवढीच अपेक्षा. (‘दिवाणखाना’ हा शब्द छपाईपुरता. डोंबिवलीत त्याला हॉल म्हणतात आणि रात्री त्यात गाद्या पडतात.)

अशा यंत्रांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा यंत्र बनवणाऱ्यानेच लिहिलेले असते. वाचताना मला आपल्याच काव्यसंग्रहाला आपणच प्रस्तावना लिहिणाऱ्या कवीची आठवण होते. किती जीबी, किती वॅट, किती रुपये वाचले याचा चोख हिशेब असतो. पण घरातल्या बाकीच्या माणसांना ते यंत्र लावता येते का, याबद्दल अवाक्षर नसते. तस्मात हे परीक्षण. यंत्र माझेच असल्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. सुदैवाने घरातच एक निर्भीड समीक्षक सापडला. तो समीक्षक म्हणजे माझी आई. वय वर्षे ८४.

मुळात हा उद्योग का आरंभला, ते सांगतो. माझे वडील, म्हणजे नाना, १९९३ साली निवृत्त झाले. कचेरीतल्या लोकांनी सत्कार केला आणि त्याची व्हिडिओ कॅसेट काढली. २००९ साली मी ती एका स्टुडिओत देऊन तिची संगणकावर चालणारी फाईल करून घेतली. तासाभराच्या सत्काराची १३ जीबी झाली. नानांना संक्षेप कधीच जमला नाही. पुढे कॅसेटला बुरशी लागली, आमचा व्हीसीआर गेला, आणि २०१६ साली तर जगातल्या शेवटच्या कारखान्यानेही व्हीसीआर बनवणे थांबवले. त्याच वर्षी नानाही गेले. उरली ती फाईल. परवा नवा टीव्ही आला, तेव्हा आई म्हणाली, “एवढा मोठा आणलायस, तर ह्यांना दाखव.” मी फाईल लावली. टीव्हीने इंग्रजीत कळवले, की हा प्रकार आपल्याला वाजवता येत नाही. जगभरचे शेकडो चित्रपट दाखवायला टपून बसलेल्या त्या टीव्हीची आणि नानांची ओळख नव्हती.

मग मी माळ्यावर चढलो.

भाच्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला २०१२ सालचा आयथ्री प्रोसेसर आणि त्याचा मदरबोर्ड हा पाया ठरला. त्याला एचडीएमआयचे तोंड होते. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जाणार होते. दुसऱ्या संगणकातली रॅम मात्र काही केल्या बसेना. भाचा म्हणाला, “मामा, ही डीडीआर टू. तुमच्या बोर्डाला थ्री लागते. खाचच वेगळ्या जागी असते.” थोडक्यात, पत्रिका जमत नव्हती. तिसऱ्या संगणकाची जमली. पंख्याखाली लावायचा लेप वाळून खडूसारखा झाला होता, तो खरवडून नवा लावला. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे यंत्र दरवेळी २०१२ सालात जागे होई, आणि तारीख चुकली म्हणून इंटरनेटवरची निम्मी ठिकाणे त्याला दारात उभे करीनात. भूतकाळात जागे होणारे आमच्या घरात ते एकटेच नव्हते, तरी बॅटरी बदलली. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून एक छोटी एसएसडी आणली. हिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे ती जुन्या हार्ड डिस्कसारखी कुरकुरत नाही. एकंदर खर्च २,९४० रुपये आणि तीन रविवार. रविवारांची किंमत सौभाग्यवतीने वेगळी लावली आहे, ती इथे देत नाही.

आता परीक्षण. आधी बाह्यांग. उभा, काळा, धुळीचे डाग वागवणारा हा डबा टीव्हीशेजारी ठेवल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “अहो, याच्यात देव कुठले ठेवायचे?” दुसऱ्या दिवशी त्याच्यावर विणलेला रुमाल आला. रुमालाने वरची जाळी झाकली गेली, यंत्र तापले, पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरू लागला. रुमाल काढल्यावर गिरणीचा कूलर झाला. आईचा पहिला शेरा इथे पडला : “ह्यांचं भाषण चाललंय का दळण?” दिवाणखान्यातल्या यंत्राने गप्प बसावे हा पहिला नियम, आणि माझे यंत्र त्यात नापास. पंखा पुसून, त्याचा वेग उतरवून ते काठावर पास झाले.

मग चित्र. जुना पडदा ४ : ३ मापाचा, नवा १६ : ९. नवा पडदा रिकामा दिसू नये म्हणून चित्र आडवे ताणायची एक सोय असते, आणि मी ती हौसेने चालू केली होती. त्यात माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. आईने पाहिले आणि म्हणाली, “हे इतके जाड कधी होते रे?” नाना जन्मभर साठ किलोंचे. मी त्यांना फुकटात ऐंशीचे केले होते. चित्र मूळ मापावर आणले. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधोमध नाना पुन्हा किडकिडीत झाले.

दुसरा शेरा अधिक मार्मिक होता. “बोलताना हात हलवतात, तेव्हा हाताला फणीचे दात का फुटतात?” याचे कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. आपल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी असत. त्या एकदम न दाखवता आधी एकाआड एक, मग मधल्या, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रे दाखवीत. नवा पडदा दोन्ही अर्धी एकदम मांडतो. दोन अर्ध्यांच्या मधल्या क्षणात हात पुढे गेलेला असतो, म्हणून कडेला दात दिसतात. ते विंचरून सरळ करणारी एक सोय यंत्रात असते, ती बंद होती. चालू केली. नानांचा हात पूर्वीसारखा हवेत फिरला, तेव्हा आई काही बोलली नाही. समीक्षक गप्प राहणे ही केवढी दाद असते, ते लेखकालाच ठाऊक.

आता अंतरंग, म्हणजे आतली प्रणाली. तिचे नाव कोडी. २००२ साली काही हौशी मंडळींनी एक्सबॉक्स नावाच्या खेळयंत्रासाठी ती सुरू केली आणि २०१४ साली तिला हे नाव मिळाले. फुकट आहे, दहा फुटांवरून वाचता येते, आणि जवळजवळ कुठलीही फाईल निमूटपणे वाजवते. स्टुडिओवाल्याची फाईलही तिने पहिल्याच फटक्यात लावली. दोष एकच : ती अतिविद्वान आहे. फाईलच्या नावावरून चित्रपट ओळखायचा, मग इंटरनेटवरून त्याचे पोस्टर आणि कथासार आणून लावायचे, अशी तिला सवय. स्टुडिओवाल्याने फाईलला रोमन लिपीत नुसते ‘नाना’ असे नाव दिले होते. एमिल झोला या फ्रेंच लेखकाची याच नावाची कादंबरी आहे, तिच्यावर जाँ रन्वारने १९२६ साली मूकपट काढला, आणि तिची नायिका पॅरिसच्या धनिकांना एकामागून एक धुळीला मिळवणारी एक नटी आहे. हे सर्व ज्ञान प्रणालीने नानांच्या निवृत्तीला चिकटवले. पडद्यावर एक नटवी बाई पाहून आईने विचारले, “ह्या कोण? ह्यांच्या कचेरीतल्या का?”

हसू आवरल्यावर मला या यंत्राचा खरा दोष कळला. जगातले सगळे चित्रपट ते ओळखते, घरातला माणूस ओळखत नाही. टीव्हीचेही तेच होते. घरच्या चित्रफितींचा कप्पा वेगळा करून ‘इथे काही शोधू नकोस’ असे बजावावे लागते. बजावले.

न्यायासाठी आणखी उणिवा नोंदवतो. रिकामे बसले तरी हे यंत्र ४० वॅटच्या आसपास खाते. दिवसरात्र चालू ठेवले तर महिन्याला २९ युनिटे होतात. बाजारातली बोटभर डबी चार-पाच वॅटांत भागवते. पैसे भरून पाहायचे बरेचसे चित्रपट अशा घरगुती संगणकावर कमी स्पष्ट दिसतात, कारण त्याच्या कुलुपावर त्या कंपन्यांचा विश्वास नसतो. आणि त्याहून मोठी उणीव अशी, की टीव्हीच्या रिमोटला साधारण संगणक दाद देत नाही. पहिले पंधरा दिवस मी मांडीवर कीबोर्ड घेऊन बसे आणि आई मला विचारी, “आहेस का रे मोकळा?” नवऱ्याचे भाषण ऐकायला तिला मुलाची परवानगी लागत होती. ज्या यंत्राला घरात एकच चालक, ते दिवाणखान्याचे नव्हे. ते त्या चालकाचे खेळणे. शेवटी रिमोटचा संदेश झेलणारी एक बारीक कांडी यंत्राला लावली आणि माळ्यावरचाच एक जुना रिमोट तिला शिकवला. आईसाठी तीन बटणे : लाव, थांबव, बंद.

परवा भाचा आला. सगळे पाहून म्हणाला, “मामा, फाईलचंच रूपांतर करून घेतलं असतंत तर टीव्हीवरच लागली असती. फुकट. अर्ध्या तासात.”

मी त्याला सांगितले, की नक्कल करणारा अजाण असेल तर जाडी आणि फणीचे दात नकलेत कायमचे बसतात, म्हणून मूळ पोथी वाचता येईल असे काहीतरी घरात असावे. युक्तिवाद बरोबर आहे. पण तो मला त्याच क्षणी सुचला, हेही खरे.

यंत्राला किती गुण द्यावेत, ते मी ठरवले नव्हते. काल दुपारी बाहेरून आलो, तर टीव्ही चालू होता आणि आई स्वयंपाकघरात चहा करीत होती. पडद्यावर नाना एक हात वर करून, तोंड अर्धे उघडे ठेवून जागच्या जागी थांबले होते.

“अगं, अडकलं का?” मी घाबरून विचारले.

“अडकलं नाही, मी थांबवलंय,” आई आधण उतरवत म्हणाली. “चोपन्न वर्षांत ह्यांना बोलताना कधी थांबवता आलं नाही. दूध उतू जायचं, तरी ह्यांचं चालूच. आता बसू देत जरा.”

तिने चहा गाळला, कप घेऊन सावकाश खुर्चीत बसली आणि मगच बटण दाबले.